‘बिट्वीन यू, मी अँड द गेटपोस्ट’: तुझं, माझं आणि फाटकाच्या खांबाचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्रजी शिकणारे, शिकवणारे आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणारे या एका वाक्प्रचाराबद्दल सतत विचारत असतात. त्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहिले आहेत. त्यामुळे इंग्रजी ‘मी’ आणि मराठी ‘मी’ डोळ्यांना सारखेच दिसतील, पण ते सारखे नाहीत. त्याचा खुलासा प्रश्न ६ मध्ये आहे.

१. ‘बिट्वीन यू, मी अँड द गेटपोस्ट’ म्हणजे नेमकं काय?

शब्दाला शब्द ठेवला तर ‘तू, मी आणि फाटकाचा खांब, एवढ्यांतच’. अर्थ असा की आता जे सांगतोय ते तुझ्यापाशीच ठेव, बाहेर बोलू नकोस. नुसतं ‘बिट्वीन यू अँड मी’ म्हटलं तरी अर्थ हाच राहतो. खांब जोडल्याने बदलतो तो सूर. बोलणं मोकळं, गप्पांचं, थोडं खोडकर होतं.

म्हणून त्याच्यापुढे येणारा मजकूरही त्याच वजनाचा असतो. नव्या साहेबाला काम जमत नाही, अमुक दुकानातला माल पूर्वीसारखा राहिला नाही, शेजारच्यांचं घर विकायला निघालंय, अशा गोष्टी. कुणाच्या गंभीर आजाराची बातमी सांगताना माणसं खांबाला बोलावत नाहीत. तिथे हा वाक्प्रचार वापरला तर ऐकणाऱ्याला तो असंवेदनशीलपणा वाटतो.

२. दोघांच्या गुपितात खांब कशाला घातला?

कारण तो बहिरा आहे. इंग्रजीत ठार बहिऱ्या माणसाला ‘डेफ ॲज अ पोस्ट’, म्हणजे खांबासारखा बहिरा, म्हणतात आणि ही उपमा सोळाव्या शतकापासून चालत आली आहे. दोघांच्या बोलण्यात तिसरा हजर आहे खरा, पण त्याला ऐकू येत नाही आणि बोलताही येत नाही. तेव्हा तिसरा असूनही गुपित दोघांचंच राहिलं. ‘फक्त आपण दोघं’ हे सांगायला मुद्दाम तिसरा उभा करायचा आणि तो निर्जीव निघायचा, ही यातली गंमत.

फाटकाचं चित्रही डोळ्यांपुढे आणावं. इंग्लंडच्या खेड्यात शेताच्या तोंडाशी आडव्या फळ्यांचं लाकडी फाटक असतं. त्याला दोन खांब, एकावर बिजागऱ्या बसवलेल्या आणि दुसऱ्यावर फाटक येऊन टेकतं. फाटकाला रेलून दोघं बोलत असले तर जवळपास तिसरं कोण असणार? तोच खांब. यामागे कुठलीतरी ऐतिहासिक घटना असलीच पाहिजे असं समजून ती शोधत बसायची गरज नाही. बहिऱ्या खांबाची उपमा भाषेत आधीपासून होती आणि तेवढ्यावर वाक्प्रचार पुरता उलगडतो.

३. कुठे ‘बेडपोस्ट’ वाचलं, कुठे ‘लॅम्पपोस्ट’. बरोबर कोणतं?

सगळीच बरोबर. ब्रिटनमध्ये आज ‘गेटपोस्ट’ जास्त ऐकू येतो, अमेरिकेत ‘बेडपोस्ट’ आणि कधी ‘फेन्सपोस्ट’, म्हणजे कुंपणाचा खांब. ‘लॅम्पपोस्ट’ हा रस्त्यावरच्या दिव्याचा खांब. बेडपोस्ट म्हणजे जुन्या, चार कोपऱ्यांना खांब असलेल्या पलंगाचा खांब. पलंगाचा पाय असं भाषांतर करू नये. पाय जमिनीपासून गादीपर्यंत असतो, बेडपोस्ट गादीच्या वर जातो आणि त्यावर पडदे टांगतात.

बदलता येतो तो खांब कशाचा, बहुतेक एवढंच. खांबाच्या जागी दार किंवा झाड घातलं तर ऐकणाऱ्याला वाक्प्रचार चुकला असंच वाटेल. भिंत मात्र कधी कधी येते, इंग्रजीतही भिंतींना कान असतात तरी.

४. हा वाक्प्रचार किती जुना आहे?

‘बिट्वीन यू अँड मी’ हा भाग कितीतरी शतकं जुना आहे. खांब जोडलेली रूपं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत पात्रांच्या तोंडी सापडतात. डिकन्सच्या १८३८–३९ साली क्रमशः आलेल्या ‘निकोलस निकल्बी’मध्ये नुसता ‘पोस्ट’ आहे, गेट नाही की बेड नाही. म्हणजे मूळ मुद्दा खांबाचा, तो कशाचा हे नंतर ज्याने त्याने ठरवलं. आज तरुण इंग्रज हा वाक्प्रचार कमी वापरतात, पण ऐकला की सगळ्यांना समजतो.

५. उच्चार कसा करायचा?

मराठी माणूस प्रत्येक शब्द सारख्या जोराने म्हणतो आणि तिथेच हे वाक्य कृत्रिम होतं. ‘बिट्वीन’मध्ये जोर ‘ट्वीन’वर. ‘अँड’चा उच्चार जवळजवळ नुसता ‘न्’. ‘गेटपोस्ट’मध्ये जोर ‘गेट’वर आणि त्यातला ‘ट’ पूर्ण फोडायचा नाही, जीभ तिथे अडवून लगेच ‘पो’वर जायचं. आवाज थोडा खाली आणायचा आणि वाक्प्रचार संपल्यावर क्षणभर थांबायचं. तो थांबा घेतला नाही तर पुढची बातमी त्याच दमात निघून जाते आणि गुपिताचा सूर लागत नाही.

६. ‘बिट्वीन यू अँड मी’ की ‘बिट्वीन यू अँड आय’?

प्रमाण इंग्रजीत ‘बिट्वीन यू अँड मी’. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि मराठी येणाऱ्याला त्याचं उत्तर खरं तर घरातच मिळतं. इंग्रजी ‘आय’ म्हणजे मराठी कर्ता ‘मी’. इंग्रजी ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’ किंवा ‘माझ्या-’. मराठीत ‘मध्ये’ किंवा ‘-त’ लागलं की ‘मी’चं सामान्यरूप होतं. आपण ‘तुझ्यामाझ्यात’ म्हणतो, ‘तू-मीत’ कुणीही म्हणत नाही. ‘बिट्वीन’ हे इंग्रजीतलं तसंच शब्दयोगी अव्यय, पण नामाच्या आधी येणारं. त्याच्यामागून ‘आय’ येणं म्हणजे मराठीत ‘तू-मीत’ म्हणण्यासारखंच.

शंका आली तर क्रम उलटून पाहावा. ‘बिट्वीन आय अँड यू’ असं कुणाच्याही तोंडातून निघत नाही, कानाला लगेच खटकतं. ‘बिट्वीन मी अँड यू’ निघतं. म्हणजे ‘मी’ बरोबर. सभ्यतेचा संकेत म्हणून ‘यू’ आधी ठेवतात, एवढंच.

मग शिकले-सवरलेले इंग्रजही ‘यू अँड आय’ का म्हणतात? लहानपणी ‘मी अँड टॉम वेंट’ असं म्हटलं की मोठी माणसं ‘टॉम अँड आय’ अशी दुरुस्ती करतात. त्यातून ‘आणि’च्या पुढे ‘आय’च शुद्ध, असा समज बसतो आणि जिथे ‘मी’ हवा तिथेही ‘आय’ येतो. ही अतिशुद्धीची चूक. तिचा इतिहास मात्र मोठा आहे. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओच्या पत्रात ‘बिट्वीन यू अँड आय’ असंच आहे. परीक्षेत किंवा नोकरीच्या अर्जात शेक्सपिअरचा दाखला उपयोगी पडत नाही. तिथे ‘मी’ लिहावं.

७. खांब धरून तिघं झाले. मग ‘बिट्वीन’ऐवजी ‘अमंग’ नको का?

नको. दोघांत ‘बिट्वीन’ आणि तिघांपासून पुढे ‘अमंग’ हा शाळेतला नियम अर्धाच खरा आहे. ‘बिट्वीन’च्या पोटात ‘दोन’ हा शब्द आहे, त्यामुळे नियम पटतो. पण जिथे प्रत्येकाचा प्रत्येकाशी वेगळा संबंध असतो तिथे तिघां-चौघांतही ‘बिट्वीन’च येतं, उदाहरणार्थ तीन देशांमधला करार. शिवाय हा ठरीव वाक्प्रचार आहे. ‘अमंग यू, मी अँड द गेटपोस्ट’ असं इंग्रजीत नाही.

८. वाक्यात तो कुठे येतो?

बहुतेक वेळा सुरुवातीला, बातमीच्या आधी: ‘बिट्वीन यू, मी अँड द गेटपोस्ट, ही इज लीव्हिंग इन मार्च.’ म्हणजे, आपल्यातच ठेव, पण तो मार्चमध्ये नोकरी सोडतोय. मध्येही घालता येतो, दोन्हीकडे स्वल्पविराम देऊन. शेवटी घातला तर थोडा उशीर झाल्यासारखा वाटतो, कारण ऐकणाऱ्याने बातमी ऐकून घेतली आणि अट नंतर कळली. वाक्प्रचारानंतर स्वल्पविराम विसरू नये. तो गेला तर ‘गेटपोस्ट ही’ असं एकत्र वाचलं जातं.

९. मराठीत याला काय म्हणायचं?

एकच शब्द सगळीकडे बसणार नाही. कोण कुणाला सांगतंय यावर ठरतं. दोन मैत्रिणींत ‘तुझ्यामाझ्यात राहू दे हं’. वयाने मोठ्या किंवा फारशी ओळख नसलेल्या माणसाला ‘हे आपल्यातच राहू द्या’. अधिक ताकीद द्यायची असेल तर ‘या कानाचं त्या कानाला कळता कामा नये’. घरातली बाब असेल तर ‘उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नकोस’. हा उंबरा फाटकाच्या खांबाच्या जवळ जातो खरा, पण तो घरच्या गोष्टीपुरताच. कचेरीतल्या साहेबाची कुचाळकी सांगताना उंबरा आणला तर विचित्र वाटेल.

इथे मराठीची एक सोय लक्षात घ्यावी. इंग्रजी ‘बिट्वीन अस’मध्ये ऐकणारा धरला आहे की नाही हे शब्दावरून कळत नाही. मराठीत ‘आपल्यात’ म्हटलं की ऐकणारा आत आणि ‘आमच्यात’ म्हटलं की तो बाहेर. गुपित सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याला आत घेतलेलं असतं, म्हणून इथे नेहमी ‘आपल्यात’. ‘हे आमच्यातच राहू दे’ असं भाषांतर अधूनमधून छापील पुस्तकांतही दिसतं आणि त्याने अर्थ साफ उलटतो. ज्याला गुपित सांगितलं त्यालाच दाराबाहेर उभं केल्यासारखं होतं.

‘खाजगीत सांगतो’ हे बरं चालतं, पण त्यात खोडकरपणा नाही. ‘गोपनीय’ तर फार जड. त्याला शिक्का, पाकीट आणि गोपनीय अहवालाचा वास येतो, गप्पांचा नाही.

१०. ‘षट्कर्णी होणे’ म्हणजे हेच का?

नात्यातलं आहे, पण उलट टोकाचं. षट्कर्णी होणे म्हणजे गोष्ट सहा कानांपर्यंत पोचणे. दोघांचे चार कान, तिसरा आला की सहा, आणि सहा झाले की गुपित संपलं. ‘षट्कर्णो भिद्यते मन्त्रः’ या सुभाषितातून ते आपल्याकडे आलं. सहा कानी गेलेला बेत फुटतो, चार कानांवर असलेला टिकतो. आज वर्तमानपत्रांत ‘षट्कर्णी झालं’ म्हणजे सगळीकडे बोभाटा झाला, एवढ्या ढिल्या अर्थाने वापरतात. मूळ हिशेब मात्र नेमका सहाचा आहे.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. आपण कान मोजले आणि तिसऱ्याला धोका ठरवलं. इंग्रजांनी तिसरा घेतला, पण बिनकानाचा. माणसं दोन, एक खांब, कान मात्र चारच. मराठी वाचकाला हा वाक्प्रचार समजावून द्यायला याहून चांगली वाट नाही. जर्मन भाषेत तर डोळे मोजतात. दोघांनीच बोलायचं असेल तर ‘उंटर फिअर आउगेन’, म्हणजे चार डोळ्यांत.

क्रियापदाकडे लक्ष असू द्या. इंग्रजी वाक्प्रचार गुपित ठेवायला सांगतो, आपला शब्द ते फुटल्यावर येतो. म्हणून ‘बिट्वीन यू, मी…’चं भाषांतर ‘हे षट्कर्णी होऊ देऊ नकोस’ असं करता येईल, पण त्याला पुस्तकी वळण लागेल. प्राध्यापक पात्राच्या तोंडी शोभेल, भाजीवालीच्या नाही.

११. कादंबरीचा अनुवाद करताना खांब ठेवावा की सोडावा?

बहुतेक ठिकाणी सोडावा. ‘तू, मी आणि फाटकाचा खांब’ असं मराठीत लिहिलं तर वाचक कथेत खरोखरचा खांब शोधू लागतो. पण पुढे कुणी त्या खांबावर कोटी केली असेल, उदाहरणार्थ ‘मग खांबानेच सांगितलं वाटतं गावभर!’, तर मात्र खांब राहायलाच हवा. तेव्हा पहिल्या वाक्यात थोडी जागा करून घ्यावी: ‘हे तुला ठाऊक, मला ठाऊक, नाहीतर त्या फाटकाच्या खांबाला.’ असं केलं की कोटी चालते आणि तळटीप लागत नाही. आणखी एक वाट म्हणजे पात्राचा बोलघेवडेपणा दुसरीकडे दाखवणं. हे म्हणणारी व्यक्ती गप्पिष्ट असते, तेव्हा खांब गेला तरी तिच्या बोलण्यात ‘बरं का’, ‘हं’, ‘म्हणून सांगते’ असं काही आलं की सूर सांभाळला जातो.

१२. ‘इन कॉन्फिडन्स’ म्हणजे आत्मविश्वासाने ना?

नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांची ही नेहमीची अडखळ आहे. ‘विथ कॉन्फिडन्स’ म्हणजे आत्मविश्वासाने. ‘इन कॉन्फिडन्स’ म्हणजे विश्वासात घेऊन, गुप्तता राखण्याच्या अटीवर. ‘शी स्पोक इन कॉन्फिडन्स’ याचं ‘ती आत्मविश्वासाने बोलली’ असं भाषांतर केलं की सगळा प्रसंगच बदलतो. जोडीला ‘कॉन्फिडंट’ आणि ‘कॉन्फिडान्ट’ आहेत. पहिला आत्मविश्वास असलेला, त्यात जोर पहिल्या अक्षरावर. दुसरा म्हणजे ज्याच्यापाशी मन मोकळं करतो तो माणूस, आणि लिहिताना त्यात ‘ई’च्या जागी ‘ए’ येतो. मराठीतही ‘विश्वासाने सांगितलं’ आणि ‘विश्वासात घेऊन सांगितलं’ यांत तेवढंच अंतर आहे.

१३. कोणी मला असं म्हणून काही सांगितलं तर उत्तरादाखल काय बोलू?

इंग्रजीत ‘माय लिप्स आर सील्ड’ (माझे ओठ मोहोरबंद), ‘मम्स द वर्ड’ (प्रश्न १४ पाहा) किंवा साधं ‘इट वोंट गो एनी फर्दर’, म्हणजे माझ्यापुढे जाणार नाही. मराठीत ‘माझ्या पोटात राहील’. जो हे पाळू शकत नाही त्याच्याबद्दल आपण म्हणतो, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तीळ भिजायला लागतो तेवढा वेळही ज्याच्याच्याने गप्प बसवत नाही असा माणूस! ‘ओठात एक, पोटात एक’ इथे वापरू नये, त्याचा अर्थ कपट असा आहे.

गुपित ऐकायचंच नसेल तर ते वाक्प्रचार संपताच, बातमीच्या आधी सांगावं: ‘मला नका सांगू, माझ्याच्याने राहवणार नाही.’ प्रश्न ५ मधला तो क्षणभराचा थांबा इथे कामी येतो.

१४. ‘मम्स द वर्ड’मध्ये आई कुठून आली?

आईचा काही संबंध नाही. ‘मम’ हा मिटलेल्या ओठांतून निघणारा आवाज, आपल्या ‘म्म्’सारखा. शब्द काय, तर ‘म्म्’, म्हणजेच काही बोलायचं नाही. आपल्याकडे ‘अळीमिळी गुपचिळी’ याच्या जवळ येते, पण फरक सांभाळा. अळीमिळी गुपचिळीत सगळ्यांनी मिळून गप्प बसणं आहे आणि बरेचदा सगळ्यांचेच हात त्यात अडकलेले असतात. वाढदिवसाची गुप्त तयारी ‘मम्स द वर्ड’मध्ये बसते. घोटाळ्यावरचं मौन अळीमिळीत जास्त शोभतं.

ओघात आणखी दोन. ‘अ लिटल बर्ड टोल्ड मी’ म्हणजे कुणी सांगितलं ते सांगणार नाही. ही कल्पना बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकाशी जोडतात. तिथे आकाशातला पक्षी तुझे शब्द वाहून नेईल, म्हणून राजाला मनातही शाप देऊ नकोस असं बजावलं आहे. मराठीत ‘उडत उडत कानावर आलं’, पक्षी न दिसताही पंख आहेतच. ‘कीप इट अंडर युअर हॅट’ म्हणजे डोक्यातच ठेव. तिरंदाज धनुष्याची दोरी कोरडी राहावी म्हणून टोपीखाली ठेवत आणि त्यावरून हे आलं, अशी जी गोष्ट सांगतात तिच्यावर विसंबू नये.

१५. ‘ऑफ द रेकॉर्ड’, ‘चॅटम हाउस रूल’, ‘सब रोझा’ हे सगळं एकच का?

नाही, आणि इथे गफलत महाग पडते.

‘ऑफ द रेकॉर्ड’ हा पत्रकार आणि माहिती देणारा यांच्यातला करार आहे, आणि तो बोलण्याच्या आधी व्हावा लागतो. बोलून झाल्यावर ‘हे ऑफ द रेकॉर्ड हं’ म्हटल्याने पत्रकार बांधला जात नाही. अर्थही आधीच ठरवून घ्यावा. काही पत्रकार नाव न देता मजकूर छापता येतो असा घेतात, काही मजकूरच छापायचा नाही असा.

‘चॅटम हाउस रूल’ हे नाव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्सच्या वास्तूवरून आलं. नियम १९२७ मध्ये झाला, १९९२ आणि २००२ मध्ये त्याची भाषा सुधारली. लोकांना वाटतं की बैठकीतलं काहीच बाहेर सांगायचं नाही. तसं नाही. ऐकलेली माहिती वापरायला मोकळीक आहे. ती कोण बोललं, तो कुठल्या संस्थेचा, बैठकीला आणखी कोण होतं, हे उघड करायचं नाही. नियम एकच आहे, म्हणून ‘रूल्स’ म्हणू नये.

‘सब रोझा’ लॅटिन, गुलाबाखाली. प्रेमदेव क्युपिडने आपली आई व्हीनस हिची प्रकरणं झाकून राहावीत म्हणून मौनाचा देव हार्पोक्रेटीस याला गुलाब दिला, अशी कथा आहे. हार्पोक्रेटीस म्हणजे मुळात इजिप्तचा बाल होरस. त्याचं तोंडाशी नेलेलं बोट हे तिथे बाळपणाचं चिन्ह होतं, ग्रीक-रोमनांनी ते ‘चूप’ असं वाचलं. एका गैरसमजातून मौनाचा देव जन्माला आला! आज ‘सब रोझा’ गुप्त वाटाघाटींसारख्या वजनदार गोष्टींना वापरतात, शेजाऱ्यांच्या गप्पांना नाही.

१६. ऑफिसच्या ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर हा वाक्प्रचार लिहिला तर चालेल?

ईमेलमध्ये लिहू नका. बोलताना दोघंच असतात, ईमेल एका बोटाने दहाजणांकडे जातो आणि तुमचं ‘बिट्वीन यू अँड मी’ त्याच्या डोक्यावर तसंच राहतं. वाचणाऱ्याला ते कुचाळकीचा पुरावा वाटतं. गरजच असेल तर विषयाच्या ओळीत ‘कॉन्फिडेन्शियल’ आणि पहिल्याच वाक्यात कुणीकुणी वाचायचं ते स्पष्ट लिहा. पुढे जाऊच नये अशी गोष्ट फोनवर किंवा समोरासमोर बोला. व्हॉट्सॲपवर एकदाच दिसणारा फोटोही दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने टिपता येतो.

सरकारी कचेरीत काम करणाऱ्यांसाठी: अर्धशासकीय पत्र नावाने जातं म्हणून ते गोपनीय ठरत नाही. आणि कागदावर ‘गोपनीय’ शिक्का मारला एवढ्यानेच तो माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या बाहेर जात नाही. त्या कायद्यातल्या अपवादांत तो बसावा लागतो.

१७. समोरच्याने ‘आपल्यातच ठेव’ म्हटलं आणि मी सांगून टाकलं. कायद्याने चूक आहे का?

मित्रामित्रांच्या गप्पांत सहसा नाही. तो शब्दाचा आणि मैत्रीचा प्रश्न. कायदा येतो तो नातं आणि माहिती पाहून. इंग्लंडमध्ये १९६८ च्या ‘कोको विरुद्ध क्लार्क’ या निकालाने तीन कसोट्या मांडल्या: माहिती मुळात गुप्त स्वरूपाची हवी, ती गुप्ततेचं बंधन येईल अशा परिस्थितीत दिलेली हवी आणि तिचा परवानगीशिवाय वापर झालेला हवा. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट खांबाची शपथ घालून सांगितली तरी पहिल्याच कसोटीला पडते.

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला, तसंच पती-पत्नीमध्ये लग्न टिकून असताना झालेल्या बोलण्याला संरक्षण आहे, काही अपवाद ठेवून. नोकरीच्या करारात गुप्ततेचं कलम असेल तर ते वेगळं बंधन. प्रत्यक्ष तंटा असेल तर वकिलाला विचारावं, वाक्प्रचाराच्या अर्थावर खटला उभा राहत नाही.

१८. वचन दिलं, पण गोष्ट गंभीर निघाली. तरी गप्प बसायचं का?

नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी स्वतःला इजा करण्याचं बोलत असेल, तर मदत करू शकणाऱ्या माणसापर्यंत ती गोष्ट पोचवावी. लहान मुलांच्या बाबतीत तर गप्प बसण्याचा पर्यायच नाही. पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

मुलांना हा फरक शब्दांतच शिकवता येतो. वाढदिवसाची भेट हे गुपित ठरलेल्या दिवशी उघडतं आणि सगळे हसतात. ‘हे तुझ्यामाझ्यातच, आईला सांगायचं नाही’ असं कुणी मोठं माणूस म्हणालं आणि मुलाच्या पोटात भीतीने गोळा आला, तर ते गुपित ठेवायचं नसतं, आईलाच आधी सांगायचं असतं.

१९. एखादा माणूस प्रत्येकालाच ‘फक्त तुला सांगतोय’ म्हणतो. याला काय म्हणावं?

इंग्रजीतही हा वाक्प्रचार पुष्कळदा असाच वापरला जातो. गोष्ट दडवायची म्हणून नाही, ऐकणाऱ्याला जवळचं वाटावं म्हणून. कादंबरीत एखादं पात्र तीन वेगवेगळ्या माणसांना खांबाची साक्ष काढून तीच बातमी सांगत असेल, तर लेखकाने ते मुद्दाम केलेलं असतं. अनुवादात तिन्ही ठिकाणी मराठी शब्द अगदी तेच ठेवावेत. एकदा ‘आपल्यातच राहू दे’, पुढे ‘कुणाला सांगू नकोस’ असं बदललं की वाचकाच्या हातून ते पात्र निसटतं.